शोधन आणि रोपण

हॉलंडातील डेल्फ्ट नगरात सतराव्या शतकात कापडाचा एक व्यापारी राहात असे. त्याचे नाव आन्तोनी व्हान लेवेनहूक. दुकानाखेरीज त्याला १६६० सालापासून नगराच्या न्यायाधिकाऱ्यांच्या कचेरीत एक लहानशी नोकरीही होती. दालनाची देखभाल ठेवावी, दारे उघडावी, शेगडी पेटवावी, अशा स्वरूपाचे तिचे काम. आम्ही स्वतः केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो. तेव्हा सूक्ष्म जीवांची सृष्टी जगाला दाखविणारा हा पुरुष कचेरीत चाकरी करीत होता, ह्याचे आम्हांस अंमळ अधिकच अप्रूप वाटते, हे प्रांजळपणे सांगून टाकतो.

ह्या लेवेनहूकने १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, पाण्याने खळखळून चुळा भरतो, दात कोरतो, फडक्याने पुसतो, आणि तरीही दातांच्या फटींत कालविलेल्या पिठासारखा पांढरा पदार्थ उरतोच, असे त्याने त्यात नमूद केले आहे. ते कीटण पाण्यात कालवून त्याने आपल्या भिंगापुढे धरले, तो त्यात असंख्य जीव सळसळताना दिसले. मग ते मारता येतील काय, असे त्याच्या मनात आले. त्याने कडक व्हिनेगर तोंडात घेतले, दात घट्ट मिटून ते पुनःपुन्हा फटींमधून खेळविले, वर तीन वेळा स्वच्छ पाण्याने चूळ भरली, आणि पुन्हा कीटण काढून पाहिले. जीव होते तसेच वळवळत होते. तेच कीटण बाहेर घेऊन त्यात व्हिनेगर मिसळले, तेव्हा मात्र ते मरून पडले. औषध आतवर पोचतच नाही, हे त्याने ताडले. गुळणीच्या औषधाची ही परीक्षा आजही वाचण्याजोगी आहे. तिच्यात एक प्रश्न मात्र कोठेच आलेला नाही. त्या कडक व्हिनेगरने लेवेनहूकच्या गालाच्या आतल्या त्वचेचे काय झाले?

हा प्रश्न नीटपणे विचारला जाण्यास पुढे जवळजवळ तीन शतके जावी लागली. आमच्या घरी तो गेल्या वर्षी विचारला गेला, आणि तोही आम्ही विचारला नाही.

आमच्या वडिलांनी ऐन विशीपासून तंबाखू-चुना खाल्ला. सातारा जिल्ह्यातील आपले गाव सोडून ते दिल्लीस नोकरीला आले, तेव्हा जे थोडके सामान बरोबर होते त्यात चंचीही होती. गेल्या वर्षी त्यांच्या गालाच्या आतील बाजूस कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आणि मग साडेसहा आठवडे किरणोपचार. तिसऱ्या आठवड्यात तोंडाची आतली त्वचा सोलवटून निघाली; कढत वरण सोडाच, कोमट दूधही गिळवेना. आम्ही कोणासही न विचारता औषधांच्या दुकानातून जंतुनाशक गुळणीची एक झणझणीत बाटली आणली, आणि दिवसातून तीन वेळा, अगदी घड्याळ लावून, त्यांना चूळ भरावयास लावली. ते डोळे मिटून निमूटपणे भरीत. आठवड्याने रुग्णालयातील एका परिचारिकेने ती बाटली पाहिली, हे कोणी दिले म्हणून विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता ती बाजूला ठेवून दिली. उकळून निवविलेल्या लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ आणि चमचाभर खाण्याचा सोडा, एवढेच तिने लिहून दिले. आम्ही विज्ञानाचे पदवीधर असून ही साधी गोष्ट आम्हांस कशी ठाऊक नव्हती, ह्या रुखरुखीपायी सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

आपल्याकडे चुळीला केवढे स्थान! जेवून उठल्यावर आंचवल्यावाचून माणूस कशाला हात लावीत नसे. वैद्यकातही तिचा स्वतंत्र विचार झालेला आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील सूत्रस्थानाचा बाविसावा अध्याय गंडूषादि विधींनाच वाहिलेला आहे. तोंड गच्च भरून द्रव तसाच स्थिर धरणे तो गंडूष, आणि तोंडात खेळविता येईल इतकाच घेणे तो कवल, असा भेद करून त्याने गंडूषाचे चार प्रकार सांगितले आहेत: स्निग्ध, शमन, शोधन आणि रोपण. शोधन म्हणजे साफ करणारा. त्यात तिखट, आंबट, खारट, उष्ण द्रव्ये. रोपण म्हणजे व्रण भरून आणणारा. त्यात तुरट आणि कडू द्रव्ये. वाग्भटाला पेशी ठाऊक होत्या किंवा जंतू ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह आमच्या काही मित्रांना होतो. आम्हांस होत नाही. परंतु साफ करणारे औषध आणि भरून आणणारे औषध ही दोन निराळी आहेत, एवढे त्याने स्पष्ट पाहिले होते, हे मान्य केलेच पाहिजे. युरोपात जेव्हा जंतुनाशकांचे युग सुरू झाले, तेव्हा हाच भेद पुसला गेला.

त्या युगाचा आरंभ १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगो येथे झाला, असे मानण्याची रीत आहे. गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर जोसेफ लिस्टरने त्या दिवशी कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली. जखम चिघळली नाही, पाय वाचला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शस्त्रक्रियेचे रूप पालटले. त्याची किंमत प्रथम मोजली ती हातांनी. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८८९-९० च्या हिवाळ्यात शल्यविशारद हॅलस्टेड ह्यांच्या परिचारिकेचे, कॅरोलाइन हॅम्पटनचे, हात जंतुनाशक रसकापराच्या द्रावाने सोलून निघाले. हॅलस्टेडने रबराच्या कारखान्यास लिहून तिच्यासाठी पातळ हातमोजे करवून घेतले. पुढे त्यांचा विवाह झाला, आणि मोजे साऱ्या जगाने घातले. हाताची कातडी उघड्यावर असते, ती लाल होते, भेगाळते, चारचौघांना दिसते. तिची दाद लवकर लागली. तोंडाच्या आतली कातडी काळोखात असते.

जंतुनाशके तोंडात शिरली तीही ह्याच काळात. १८७९ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथे जोसेफ लॉरेन्स ह्याने एक द्राव सिद्ध केला आणि लिस्टरच्या नावावरून त्याला ‘लिस्टरिन’ म्हटले. मूळ हेतू जखमा धुण्याचा. त्यातील प्रमुख द्रव्ये ऐकली तर आपल्या घरातील आजीबाईचा बटवा उघडल्यासारखे वाटते: थायमॉल म्हणजे ओव्याचे फूल, मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे, निलगिरीचे सत्त्व, आणि सांधे चोळण्याच्या मलमांत ज्याचा वास येतो ते मेथिल सॅलिसिलेट. हे सारे विरघळून राहावे म्हणून मद्यार्क, तोही मूळ मिश्रणात शेकडा पंचविसाच्या वर. पहिल्या महायुद्धापूर्वी जर्मनीत जे थायमॉल निघे, त्यासाठी ओवा हिंदुस्थानातून जात असे. १८९५ च्या सुमारास हा द्राव दंतवैद्यांच्या हाती गेला, आणि १९१४ पासून सामान्य माणसाला गुळणीचे औषध म्हणून मिळू लागला. तिकडे ड्रेस्डेन येथे कार्ल आउगुस्ट लिंगनर ह्याने १८९० नंतरच्या दशकात ‘ओडोल’ नावाची, वाकड्या मानेची बाटली बाजारात आणून अमाप पैसा मिळविला. त्याच पैशाच्या बळावर १९११ साली त्याने जे आरोग्यप्रदर्शन भरविले, ते पन्नास लाखांवर लोकांनी पाहिले.

जाहिरातींचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. १९२० नंतर अमेरिकेत श्वासाच्या दुर्गंधीला एक भारदस्त लॅटिन-वजा नाव पुन्हा चलनात आणून, त्यापायी मुलींची लग्ने राहतात अशी भीती घालण्यात आली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. ह्या औषधाने सर्दी टळते, असाही दावा अर्धशतकभर होत राहिला. १९७५ साली तेथील व्यापार आयोगाने कंपनीस आपल्याच जाहिरातीतून त्याचा इन्कार करण्याचा हुकूम दिला आणि १९७७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. ह्या सगळ्या वादात जंतू होते, श्वास होता, सर्दी होती. गालाचे अस्तर कोणाच्याच बाजूने उभे नव्हते.

मात्र तोंडापासून दूर, रणांगणावर, त्या प्रश्नाला वाचा फुटली होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन्य येथे जखमी सैनिकांच्या रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग काम करीत होता. (पेनिसिलीन अजून दहा-बारा वर्षे दूर होते.) सैनिकांच्या जखमा जंतुनाशकांनी धुवूनही कुजत. फ्लेमिंगने काचेच्या नळीला आतून टोकदार फाटे काढून एक कृत्रिम जखमच तयार केली आणि दाखविले, की औषध ह्या सांदीकोपऱ्यांत पोचत नाही. लेवेनहूकचे व्हिनेगर दातांच्या फटींत जेथे अडले होते, तेथेच हे अडले. पण फ्लेमिंग एक पाऊल पुढे गेला. जखमेत शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजत असतात. औषध त्यांचे काय करते, हे त्याने पाहिले. कार्बोलिक ॲसिडच्या ज्या प्रमाणात ह्या पेशी मरतात, त्या प्रमाणात जंतू खुशाल जगतात, असे त्याला आढळले. १९१९ साली त्याने हे विस्ताराने प्रसिद्ध केले. औषधाला शत्रू आणि मित्र ह्यांतला भेद कळत नाही, ही गोष्ट त्यानंतर तरी प्रत्येक जंतुनाशकाच्या बाबतीत तपासली जावयास हवी होती.

आता हे अस्तर असते कसे, ते पाहू. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकात आम्ही दातकोरणीने गालाची आतली बाजू हलकेच खरवडून, काचेवर पसरून, मेथिलिन ब्ल्यूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली होती. फरशीच्या फुटक्या तुकड्यांसारख्या चपट्या पेशी आणि प्रत्येकीच्या मध्यावर निळा ठिपका. आपले स्वतःचे काही असे प्रथमच पाहिले म्हणून त्या दिवशी आम्ही कोण हरखलो होतो! आम्ही पाहिल्या त्या सर्वांत वरच्या थरातील, गळून पडण्याच्या बेतात असलेल्या पेशी. अस्तराच्या तळाशी असलेल्या पेशी सतत दुभंगत असतात. नव्या पेशी जुन्यांना वर ढकलतात. वर येता येता त्या चपट्या होतात आणि शेवटी लाळेबरोबर निघून जातात. बाहेरच्या कातडीपेक्षा हे रहाटगाडगे पुष्कळच जलद चालते. म्हणून गाल चावला गेला तर चार-सहा दिवसांत भरून येतो. म्हणूनच किरणोपचारांचा घाव तोंडाला लवकर आणि जबर बसतो. कारण किरण नेमके दुभंगणाऱ्या पेशींना गाठतात. वरच्या फरशा रोज गळतात आणि खालून नव्या येत नाहीत. उघडे पडते ते मांस.

ह्या पार्श्वभूमीवर क्लोरहेक्झिडिनची कथा वाचावी. इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या रसायनज्ञांना, हिवतापावरील औषधांच्या शोधमालिकेतून, हे द्रव्य गवसले आणि १९५४ साली ते प्रसिद्ध झाले. ते धन विद्युद्भाराचे असते. जंतूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटते आणि ते फोडते. दातांना आणि तोंडाच्या अस्तरालाही ते चिकटून राहते, आणि कित्येक तास हळूहळू सुटत राहते. हाच त्याचा मोठा गुण. १९७० साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो आणि त्यांचे सहकारी श्योट ह्यांनी असे दाखविले, की दात अजिबात न घासता केवळ शेकडा ०.२ द्रावाच्या १० मिलिलिटरने दिवसातून दोनदा चूळ भरली, तरी दातांवर कीटण धरत नाही. लेवेनहूकच्या व्हिनेगरला जे साधले नव्हते ते अखेर साधले, असे वाटावे असाच हा शोध होता.

पुढच्याच वर्षी, १९७१ साली, नॉर्वेतील दंतवैद्यांनी त्याची दुसरी बाजू नोंदविली. दात तपकिरी पडतात, जिभेची चव बिघडते, आणि काहींच्या तोंडाचे अस्तर सोलले जाऊन दुखरे होते. अमेरिकेत १९८६ साली ह्या औषधास मान्यता मिळाली ती शेकडा ०.१२ प्रमाणात, पण एका वेळी १५ मिलिलिटर. हिशेबाची सवय असल्यामुळे आम्ही आकडे मांडून पाहिले: पहिल्यात २० मिलिग्रॅम, दुसऱ्यात १८. पाणी वाढले, औषध फारसे घटले नाही!

मग पेशींचीच थेट साक्ष काढण्यात आली. मानवी पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या एव्हाना हाती आली होती. १९७७ साली गोल्डश्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि १९९० नंतर आणखी कित्येकांनी, काचपात्रातील मानवी पेशींवर क्लोरहेक्झिडिन घालून पाहिले. बाटलीतल्याहून पुष्कळच विरळ प्रमाणातही पेशी मरगळल्या किंवा मेल्या. १९९९ मधील एका अभ्यासात हिरड्यांतील तंतुपेशी, ज्या कोलॅजन विणून जखम सांधतात त्या, औषधाच्या सान्निध्यात आपले विणकाम कमी करतात असे दिसले. हे वाचून आम्ही प्रथम हबकलो. बाटली फेकून द्यावी आणि दंतवैद्यांस दूषणे द्यावी, असे कोणासही वाटेल.

परंतु तसे करणे न्यायाचे होणार नाही. काचपात्रातील पेशी नागडी असते. तोंडात तिच्यावर लाळेचा बुळबुळीत लेप असतो, मरणोन्मुख चपट्या पेशींची चिलखतासारखी फळी असते, आणि विणकर तंतुपेशी तर अस्तराच्या खाली दडलेल्या असतात. धडधाकट तोंडात दंतवैद्याने सांगितलेली काही दिवसांची गुळणी हे अस्तर बिनबोभाट सोसते. हिरड्यांची सूज, दाताची शस्त्रक्रिया अशा प्रसंगी ती उपयोगीही पडते. ज्याचे चिलखत आधीच उतरले आहे, त्याची स्थिती काचपात्रातील पेशीच्या जवळ जाते. आमच्या वडिलांचे तोंड त्या आठवड्यात तसे होते.

मद्यार्काविषयीही हेच. १९७८ साली अमेरिकेत, अतिरेकी गुळण्या करणाऱ्यांच्या तोंडात पांढरे चट्टे पडल्याची नोंद झाली. १९९१ मध्ये तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अभ्यासकांनी अधिक मद्यार्काच्या गुळण्या आणि तोंडाचा कर्करोग ह्यांचा संबंध दिसतो असे मांडले. पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेता तो सिद्ध झाला नाही. २००९ साली जर्मन रसायनज्ञांनी अशी चूळ भरल्यावर लाळेतील ॲसिटाल्डिहाइड काही काळ वाढते, हे मोजून दाखविले. वाद मिटलेला नाही. ‘वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक’ अशा समजुतीत असलेल्यांसाठी मात्र एक दाखला देतो: उत्तर अमेरिकेतील ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचा अर्क दंतमंजनांत आणि गुळण्यांत मोठ्या कौतुकाने घातला जाई, १९९९ साली तो वापरणाऱ्यांच्या वरच्या ओठामागील अस्तरावर पांढरे चट्टे आढळले आणि तो काढून टाकावा लागला.

ह्या सर्व द्रव्यांपुढे तंबाखूचा अपराध इतका मोठा आहे, की तुलना करणेही अनुचित. व्हँकूव्हरच्या हान्स श्टिख ह्यांनी १९८२ साली विडा-तंबाखू खाणाऱ्यांच्या गालांच्या खरवडीत, आम्ही महाविद्यालयात पाहिली तशाच खरवडीत, निळ्या ठिपक्याशेजारी त्याचे फुटलेले बारके कण मोठ्या प्रमाणात दिसतात असे दाखविले. आमच्या वडिलांचा निळा ठिपका केव्हा फुटू लागला असेल? तो पाहण्याची सामग्री आमच्याच महाविद्यालयात होती. आम्ही फक्त स्वतःचा गाल खरवडला.

त्या परिचारिकेने लिहून दिलेला मीठ-सोड्याचा उपाय केवळ आजीबाईचा नव्हता, हे आम्हांस मागाहून समजले. कॅलिफोर्नियातील परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका मेरिलिन डॉड ह्यांनी १९९६ साली रासायनिक उपचार घेणाऱ्या कर्करोग्यांवर क्लोरहेक्झिडिन आणि नुसते निर्जंतुक पाणी ह्यांची तुलना केली. तोंड येणे टाळण्यात दोहोंत फरक पडला नाही. २००० साली त्यांनी मीठ-सोड्याचे पाणी, क्लोरहेक्झिडिन आणि तिसरे एक संमिश्र औषध तोंड आलेल्या रुग्णांना देऊन पाहिले. तिन्ही सारखीच, मीठ-सोडा सर्वांत स्वस्त. २०१४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या मंडळाने मुख-कंठाच्या किरणोपचारात तोंड येणे टाळण्यासाठी क्लोरहेक्झिडिन वापरू नये, असेच सुचविले. आणि २००५ साली जपानमधून आलेले वृत्त तर सर्वांहून गमतीचे: ३८७ निरोगी माणसांपैकी ज्यांनी साध्या पाण्याने गुळण्या केल्या, त्यांना सर्दी-पडसे एरवीच्या मानाने शेकडा ३६ कमी झाले, आयोडीनयुक्त औषधाने गुळण्या करणाऱ्यांत तसा लक्षणीय फरक पडला नाही.

किरणोपचार संपून आता सात महिने झाले. वडिलांच्या तोंडाला अजून लाळ कमीच सुटते, म्हणून दर दोन तासांनी ते चूळ भरतात. मीठ-सोड्याचे पाणी आम्ही सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी करून ठेवतो. एकदा न राहवून आम्ही त्यांना विचारले, ती बाटली एवढी झोंबत होती, तर दादा, तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, “तू वाचून आणली असशील असं वाटलं.”